आजीचे आठ आणे

आमच्या घरी तांब्याचे एक जुने घंगाळ आहे. पुष्कळ वर्षे ते माळ्यावर पडून होते. अलीकडे मी ते खाली काढले, चिंचेने घासले आणि बैठकीच्या खोलीत ठेवले. त्याच्या काठावर ठोक्याठोक्यांनी कोरलेली अक्षरे आहेत. पूर्वी नवे भांडे घेतले, की त्यावर छिन्नीने नाव घालून घेण्याची रीत होती. या घंगाळावर माझ्या आजोबांचे नाव आहे आणि नावापुढे ‘ता. २५-१२-३२’ असा दिवस आहे.

भांड्यावर नाव आजोबांचे असले, तरी ते विकत घेतले होते माझ्या आजीने. निदान आजी तसे सांगे. तिच्याजवळ त्या वेळी पैसे कोठून आले, यावरून मात्र आमच्या घरात पुष्कळ वर्षे मतभेद होता. तो मतभेद कसा मिटला आणि तो मिटता मिटता माझी आजी मला नव्याने कशी कळली, ते या पाठात सांगावयाचे आहे.

माझी आजी मुंबईच्या एका कापडगिरणीत कामाला होती. तिला लिहिता-वाचता येत नसे. तिने मागे एक पत्र ठेवले नाही, की रोजनिशीचे एक पान ठेवले नाही. तिचे छायाचित्र आहे ते एकच, तेही एका लग्नातले आणि गर्दीतले. अशा माणसाचा इतिहास लिहावयाचा, तर त्याला साधने कोणती? साधने तीन आहेत. माणसांच्या आठवणी हे पहिले, घरातल्या वस्तू हे दुसरे आणि जन्म, मृत्यू, शाळा, कायदे यांच्या लेखी नोंदी हे तिसरे. यांपैकी एकाच साधनावर विसंबून राहिले, तर फसगत होते. तिन्ही एकमेकांशी ताडून पाहावी लागतात.

आठवणींची पहिली अडचण अशी, की त्यांत सन नसतात. आजीला कोणतेही साल सांगता येत नसे. ती म्हणे, “सहा महिन्यांचा संप मिटला ना, त्याच्या पुढच्या शिमग्याला मी मुंबईस आले.” हे ऐकून लहानपणी आम्हांला काहीच बोध होत नसे. पण मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासात सहा महिन्यांचा तो संप प्रसिद्ध आहे. तो १९२८ साली एप्रिलमध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये मिटला. म्हणजे आजी मुंबईस आली, ती १९२९ च्या शिमग्यात. तसेच, गोदीत मोठा स्फोट झाला तेव्हा माझ्या वडिलांना बारावे वर्ष चालू होते, असेही ती सांगे. मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, तो १४ एप्रिल १९४४ रोजी. त्यावरून वडिलांचा जन्म १९३२-३३ च्या सुमाराचा ठरतो. पुढे महापालिकेतून जन्माचा दाखला काढला, तेव्हा त्यात ऑक्टोबर १९३२ असेच निघाले. आजीला सन येत नव्हते, पण तिचा हिशेब चुकलेला नव्हता. ज्यांना पंचांग वाचता येत नाही, ती माणसे मोठ्या घटनांना आपल्या आयुष्याची गाठ मारून ठेवतात.

आजीचे माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातले. डोंगरउतारावरची थोडी वरकस जमीन आणि भाताचे एक चिमुकले खाचर, एवढीच घरची शेती. खोताचा वाटा दिल्यावर उरलेले धान्य पाच-सहा महिनेसुद्धा पुरत नसे. म्हणून कोकणातल्या घरोघरचे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत कामाला जात. बायका बहुधा गावीच राहून शेत आणि म्हातारी माणसे सांभाळत. आजोबाही आधी एकटेच गेले होते. पण संपाच्या सहा महिन्यांत पगार मिळाला नाही आणि वाण्याची उधारी डोईजड झाली. एकाच्या कमाईने ते कर्ज फिटण्यासारखे नव्हते. तेव्हा आजी निघाली. जैतापूरच्या बंदरात होडीतून आगबोटीवर चढताना आपले पाय लटपटत होते, ही आठवण ती अखेरपर्यंत सांगत असे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी ताडदेव येथे १८५६ साली चालू झाली. त्यानंतर परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आसऱ्याने कामगारांच्या चाळी वाढल्या. या साऱ्या वस्तीला लोक गिरणगाव म्हणू लागले. गिरणी म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे पुरुष कामगार येतो. परंतु १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री होती. त्यांतल्या पुष्कळशा स्त्रिया वाइंडिंग खात्यात काम करीत. आजीही याच खात्यात लागली.

या खात्याचे काम असे असे. सूतखात्यात कातलेले सूत लहान लहान बाबिणींवर गुंडाळलेले येई. ते उलगडून मोठ्या बाबिणींवर सलग गुंडाळावयाचे. एक बाबीण संपली, की तिचे टोक दुसरीच्या टोकाला जोडावयाचे. मध्येच सूत तुटले, तर तेथे गाठ मारावयाची. गाठ बारीक हवी आणि घट्टही हवी. ती जाड झाली, तर पुढे मागात अडकते; सैल राहिली, तर सुटते. किती सूत गुंडाळले त्याच्या वजनावर मजुरी मिळे. म्हणून गाठ मारण्यात जितका वेळ जाई, तितकी मजुरी बुडे. बायकांच्या कामावर देखरेख करणारी नायकीण असे. तिची मर्जी सांभाळावी लागे, कारण कामावर ठेवणे न ठेवणे पुष्कळसे तिच्या हाती असे.

वृद्धपणी आजी गोधडी शिवावयास बसे, तेव्हा तुटलेला दोरा ती आंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरी आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गाठ बसलेली असे. ती कशी मारली, हे आम्हां मुलांना कधीही दिसले नाही. तिला पुन्हा पुन्हा गाठ मारावयास लावण्याचा आम्ही एक खेळच केला होता. त्या वेळी आम्हांला त्यात गंमत वाटे. ती गंमत पंचवीसहून अधिक वर्षांच्या मेहनतीची आहे, हे ध्यानात येत नसे.

आजी कामाला लागली, तेव्हा कायद्याप्रमाणे कामाचा दिवस ११ तासांपर्यंत आणि आठवडा ६० तासांपर्यंत असू शके. १९३४ च्या कायद्याने ही मर्यादा १० तास आणि ५४ तास अशी झाली. १९४६ च्या दुरुस्तीने ती ९ तास आणि ४८ तासांवर आली. पण हे झाले गिरणीतले तास. आजीचा दिवस भोंगा होण्याच्या कितीतरी आधी सुरू होई. चाळीच्या सामाईक नळावर पहाटे चारला रांग लागे. पाणी भरावयाचे, शेगडी पेटवावयाची, भाकऱ्या थापावयाच्या. आमच्या दहा फूट लांब-रुंद खोलीत गावाकडचे दोन तरुणही जेवावयास असत. त्यांच्या जेवणाचे महिन्याचे पैसे येत, म्हणून त्यांच्याही भाकऱ्या आजीच करी. संध्याकाळी कापसाच्या तुसाने पांढरे झालेले केस झटकत ती घरी येई आणि पुन्हा शेगडीपुढे बसे. आत्या म्हणे, “आईला आम्ही झोपलेली कधी पाहिलीच नाही. आम्ही उठण्याच्या आधी ती उठे आणि आम्ही निजल्यावर ती निजे.”

आता आठवणींची दुसरी अडचण सांगतो. आठवण जितकी सुरस, तितकी तपासून घ्यावी लागते. आमच्या घरात एक गोष्ट सर्वांना पाठ होती. ‘रामदास’ नावाची आगबोट बुडाली, त्या दिवशी आजी तिच्यातून गावी निघाली होती. पण धक्क्यावर पोहोचावयास तिला उशीर झाला आणि ती वाचली, अशी ती गोष्ट. माझे काका ती फार रंगवून सांगत. मीही ती माझ्या विद्यार्थ्यांना अनेकदा सांगितली आहे.

‘रामदास’ बोट बुडाली, ती १७ जुलै १९४७ रोजी. सहाशेहून अधिक माणसे त्या दिवशी मरण पावली. ही घटना खरी आहे. परंतु ती बोट भाऊच्या धक्क्यावरून निघाली होती रेवसला. रेवस हे बंदर अलिबागच्या बाजूला, मुंबईच्या समोरच आहे. राजापूरला जाणाऱ्या माणसाला तिचा काय उपयोग? शिवाय जुलै हा भर पावसाळ्याचा महिना. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्यामुळे रत्नागिरीकडच्या बंदरांची आगबोटवाहतूक बंद असे. तेव्हा आजी त्या दिवशी बोटीने गावी निघाली असणे शक्यच नव्हते. 

मग ही गोष्ट आली कोठून? मी आत्याला विचारले. ती थोडा वेळ थांबून म्हणाली, “आईच्या शेजारच्या यंत्रावर अलिबागकडची एक बाई होती. ती गेली त्या बोटीत. पुढे कितीतरी दिवस आई जेवताना मध्येच थांबे आणि म्हणे, काल माझ्याशी बोलत होती गं.” बहुधा शेजारणीच्या मृत्यूची ही हकीकत सांगता सांगता आजीच तिच्यात शिरली आणि थोडक्यात वाचली. गोष्ट खरी नव्हती, पण तिच्या तळाशी एक खरे दुःख होते. तपास केला नसता, तर ती अलिबागची बाई आमच्या घराच्या आठवणीतून कायमची पुसली गेली असती.

ज्या गोष्टीवर सर्वांचा विश्वास होता, ती अशी चुकीची ठरली. आता जिच्यावर कोणाचाही विश्वास नव्हता, त्या गोष्टीकडे वळतो.

घंगाळाविषयी वडील सांगत, की ते आजोबांच्या बोनसाच्या पैशांतून आले. आजी म्हणे, “नाही रे. तुझा बाप झाला, तेव्हा गिरणीने मला रोजचे आठ आणे दिले. कामावर न जाता दिले. त्यातून मी बाळाच्या न्हाणीसाठी घंगाळ घेतले.” हे ऐकून घरातले सगळे हसत. सोळा आण्यांचा एक रुपया. म्हणजे आठ आणे हा अर्धा रुपया झाला. एक दिवस खाडा झाला, तर जी गिरणी त्या दिवसाची मजुरी देत नसे, ती एका मजूर बाईला घरी बसवून अर्धा रुपया रोज कशी देईल?

मी तेव्हा सहावीत होतो आणि वर्गात पहिला येत असे. त्यामुळे मला सर्व काही कळते, अशी माझी समजूत होती. एके दिवशी आजीने चार माणसांत पुन्हा ही गोष्ट काढली. मी मोठ्याने म्हणालो, “आजी, तुला हिशेब येत नाही. तू सही करायच्या जागी अंगठा उठवतेस. तुला कोणीतरी काहीतरी सांगितले असेल. गिरणी फुकट पैसे देत नसते.” सगळे हसले. आजी मात्र हसली नाही. तिने हातातली गोधडी घडी घालून बाजूला ठेवली आणि ती आत गेली. त्यानंतर गिरणीविषयी ती माझ्याशी कधीही बोलली नाही. १९७६ साली ती वारली.

२००४ साली मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेचा बाळंतपणाच्या रजेचा अर्ज माझ्यापुढे आला. या रजेचा नियम मुळात आला कोठून, हे पाहावे म्हणून मी ग्रंथालयातून कामगार कायद्यांच्या इतिहासाचे एक पुस्तक आणले. त्यात १९६१ सालच्या देशपातळीवरील कायद्याची माहिती होती. पण त्याआधी आणखी एका कायद्याची माहिती होती. मुंबई इलाख्यात १९२९ सालीच असा कायदा झाला होता. त्याचे विधेयक १९२८ साली विधिमंडळापुढे आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला होता. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्याच हिताचे आहे, असे त्यांनी सभागृहात सांगितले होते. कारखान्यात ठरावीक काळ काम केलेल्या स्त्रीला बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे मालकाने पैसे द्यावे, असे हा कायदा सांगत होता. हे पैसे किती, तर रोजचे आठ आणे.

ते वाक्य मी तीनदा वाचले आणि पुस्तक मिटून तसाच बसून राहिलो.

तरीही मन म्हणाले, कायदा होता म्हणजे पैसे मिळालेच, असे सिद्ध होत नाही. म्हणून मी तिन्ही साधने शेजारी शेजारी ठेवली. आजीची आठवण सांगत होती, की मूल झाले तेव्हा रोजचे आठ आणे मिळाले. कायद्यात तोच आकडा होता, आणि निरक्षर आजीने तो कायदा वाचलेला असणे शक्य नव्हते. महापालिकेच्या दाखल्यात वडिलांचा जन्म ऑक्टोबर १९३२ चा होता आणि घंगाळावरचा दिवस त्याच वर्षीच्या डिसेंबरातला होता. राहता राहिली बोनसाची गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांनी पूर्वी काही वर्षे दिलेला बोनस १९२३ सालापासून बंद केला होता. त्यावरूनच १९२४ साली मोठा संप झाला होता. तेव्हा १९३२ साली आजोबांना बोनस मिळालेला असणे संभवत नव्हते. शिवाय भांडे घरी आले, तेव्हा वडील स्वतः दोन महिन्यांचे होते. त्यांनी ही हकीकत पाहिलेली नव्हती, नंतर कोणाकडून तरी ऐकलेली होती. ज्या व्यक्तीने सर्व काही स्वतः अनुभवले होते, ती एकच व्यक्ती घरात होती. आणि नेमका तिच्यावरच आम्ही विश्वास ठेवला नव्हता.

मी वडिलांना हे सर्व वाचून दाखवले. ते तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मला माळ्यावरचे घंगाळ काढावयास सांगितले, त्याच्या काठावरून हात फिरवला आणि म्हणाले, “यावर तिचे नाव हवे होते.”

घंगाळावर आजीचे नाव नव्हते, तसेच ते वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरही नव्हते. तेथे मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव एवढेच लिहिण्याची पद्धत होती. पुढे महाराष्ट्रात नियम बदलला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि मग आडनाव लिहावे, असे शासनाने ठरवले. हा निर्णय मी वर्तमानपत्रात वाचला, तेव्हा मला आमच्या घंगाळाची आठवण झाली.

आजीचे गिरणीतले काम १९५७ साली सुटले. जलद चालणारी नवी यंत्रे आली आणि त्यांवर थोड्या माणसांत काम भागू लागले. रात्रीच्या पाळीत स्त्रियांना ठेवण्यास कायद्याची मनाई होती, म्हणूनही गिरण्या पुरुषांनाच पसंत करीत. असे होता होता गिरण्यांतल्या स्त्रियांची संख्या घटत गेली. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत बहुतेक गिरण्या बंद पडल्या. गिरण्यांच्या कितीतरी जागांवर आता उंच इमारती उभ्या आहेत. आजीच्या खात्याच्या भिंती आज दाखवू म्हटले, तरी दाखवता येणार नाहीत.

मुलांनो, तुमच्याही घरी आजी असेल, आजोबा असतील. कोणी शेतात राबले असेल, कोणी विड्या वळल्या असतील, कोणी ऊस तोडला असेल, कोणी लोकांच्या घरची भांडी घासली असतील. त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना विचारा. ‘तुम्ही कोणत्या साली कामाला लागलात?’ असे विचारू नका. त्यांना कदाचित सांगता येणार नाही. ‘तेव्हा गावात काय घडले होते? पाऊस कसा होता? कोणाचे लग्न झाले होते?’ असे विचारा. काम कसे करीत, ते हातांनी करून दाखवावयास सांगा. घरातल्या जुन्या भांड्यांवरची नावे आणि दिवस वाचा. जे ऐकाल, ते वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि सांगणाऱ्याचे नावही लिहा. मग ते पुस्तकांशी आणि दाखल्यांशी ताडून पाहा. एखादी गोष्ट जुळली नाही, तर लगेच हसू नका. ती तशी का सांगितली गेली, हे शोधा.

माझ्या आजीची क्षमा मागावयाची राहून गेली. आता ती मागता येत नाही. वडिलांच्या इच्छेप्रमाणे मात्र मी एक गोष्ट केली. घंगाळ घेऊन मी एका वृद्ध कासाराकडे गेलो. आजोबांच्या नावाशेजारी थोडी जागा होती. तेथे त्याने ठोक्याठोक्यांनी आजीचे नाव घातले.